गुडघा बोलला की चढायचं

५ नोव्हेंबर

थोरले,

आशीर्वाद तू मागितला नाहीस, म्हणून मी देत नाही. फोन तू उचलत नाहीस, म्हणून लिहितेय. तुझ्या फोनातली ती गोड आवाजाची बाई मला रोज सांगते की समोरची व्यक्ती उत्तर देत नाही. तिला म्हटलं, बये, त्या व्यक्तीला मी अंगाखांद्यावर वाढवलीय. ती उत्तर देत नाही हे तू मला शिकवतेस?

अक्षराला नाक मुरडू नकोस. मी शाळेत बसून लिहायला शिकले नाही. सर्कशीचे फलक रंगवणाऱ्याच्या पाठीमागे उभी राहून शिकले, म्हणून माझी सगळी अक्षरं मोठी आणि ओरडणारी. आवाज सहन होत नसेल तर कागद जरा लांब धर.

काल विदूषकाचा फोन आला. तो मेला अजून माझी आठवण ठेवतो. खेळ संपला, तोंड धुतलं की करतो फोन. म्हणाला, "आजी, खूशखबर! तुमच्या थोरलीचा गुडघा बोलला!"

मी म्हटलं, "काय सांगतोस?"

"तर काय! सकाळी सराव चालला होता. उडीच्या फळीवरून खाली आली, पाय रोवला, वळली, आणि असा आवाज झाला की ढोलवाल्याचा हात वरच राहिला. सगळ्यांनी टाळ्या पिटल्या. मालक म्हणाला, आता ही खरी आजीची नात. आता लांब बांबू काढा!"

मी खूश झाले असं कुणाला सांगत फिरू नकोस. पण झाले जराशी. आपल्या कामात खालच्या बाईला तोंड उघडता येत नाही. बांबू खांद्यावर, मान ताठ, तोंडावर हसू चिकटवलेलं. गुडघे वाकवून मी वजन घ्यायची, तेव्हा माझा उजवा गुडघा 'कट्' करायचा. त्या बांबूवर चढायला उभ्या असलेल्या तुझ्या आईला तेवढंच पुरे. खालची नीट बसली, आता निघायचं. तेव्हापासून आपल्या तंबूत नियमच पडला, गुडघा बोलला की चढायचं. माझ्यामागून तू खाली उभी राहायला लागलीस, तुझी धाकटी बहीण वर चढायला लागली, पण तुझा गुडघा काही बोलेना. तुला दातांतून 'हं' करावं लागायचं, आणि झुल्यावरच्या पोरी तुला 'हं-बाई' म्हणून चिडवायच्या. आता कुणी चिडवणार नाही. बरं झालं.

माझी चौकशी तू केलेली नाहीस, तरी सांगते. मी ठणठणीत आहे. ट्रकमध्ये चढता येत नाही म्हणून मागच्या हंगामात तुम्ही मला इथं उतरवलंत, ते चढणं सोडलं तर मला सगळं येतं. रोज खाली जाते, चौकापर्यंत फेरी मारून येते. गुडघे गेलेल्या म्हातारीला तिसऱ्या मजल्यावरची खोली बघून देणारी हुशार पोरगी माझीच नात, हे मी इथं सगळ्यांना अभिमानाने सांगते.

आजी


१४ नोव्हेंबर

थोरले,

पत्र पोचलं असं विदूषक म्हणाला. तू ते न फोडता गादीखाली सारलंस असंही म्हणाला. ठीक आहे. गादीखाली अजून जागा असेल, म्हणून हे दुसरं.

इथं वरून रस्ता चांगला दिसतो. येणारीजाणारी माणसं मला टाळूवरून ओळखता येतात. खाली सायकल दुरुस्तीचं दुकान आहे, त्या माणसाच्या डोक्यावर मागच्या बाजूला रुपयाएवढं टक्कल पडलंय आणि त्याला ते अजून ठाऊक नाही. गंमत बघ, आयुष्यभर मी सगळ्यांच्या खाली उभी राहिले. आता सगळ्यांच्या वर बसलेय, आणि खालच्यांपैकी कुणाचा चेहरा मी नीट पाहिलेला नाही.

म्हणजे तूर्त पाहिलेला नाही. खाली जाणं जरा थांबवलंय. जिन्यात मी बसले होते त्याला काही दिवस झाले. पडले नाही, बसले. बसताना माझा विचार नव्हता, एवढंच. दुसऱ्या मजल्यावर एक मास्तरीण राहते, तिने आवाज ऐकला आणि दार उघडलं. तोवर मी बराच वेळ तिथं बसलेली होते. हाका मारणं मला जमत नाही. कुणाला काय म्हणून हाक मारायची? इथं मला एकाचंही नाव येत नाही.

मास्तरणीने मला रिक्षात घालून गुडघ्याच्या डॉक्टरकडे नेलं. डॉक्टर म्हणजे तुझ्याच वयाची पोरगी. पण हात चांगला, थंड आणि न घाबरणारा. तिने माझा पाय वाकवला, सरळ केला, गुडघा आपला बोलला.

ती म्हणाली, "हा आवाज कधीपासून येतो?"

"तू जन्मायच्या आधीपासून."

"आवाज येतो तेव्हा दुखतं?"

"तेव्हा नाही. बाकी सगळ्या वेळी दुखतं."

ती हसली. म्हणाली, "मग आवाजाला सोडून द्या, आजी. सांध्यात पाणी असतं, त्यात हवेचे बुडबुडे होतात, ते फुटले की असं होतं. कधी हाडावरून स्नायूची दोरी सरकते, त्याचाही आवाज होतो. तुमचं दुखणं झिजेचं आहे. आवाजाचा आणि त्याचा काही संबंध नाही."

मला राग आला. ज्या आवाजावर मी उभी राहिले, तुझी आई चढली, तंबूने नियम केला, तो बुडबुडा! मी म्हटलं, "माझ्या नातीचाही बोलायला लागलाय. घराण्यातलंच आहे ते."

"वा. कसा बोलला?"

मी तिला विदूषकाने सांगितलं तसं सांगितलं. फळीवरून आली, पाय रोवला, वळली, मोठा आवाज झाला. पोरीचं हसणं थांबलं. तिने खुर्ची ओढली आणि माझ्यासमोर बसली. म्हणाली, "आजी, नंतर सुजला का?"

"ते नाही विचारलं."

"विचारा. पाय जमिनीत रोवलेला असताना गुडघा पिळला गेला, फट् झालं आणि काही तासांत सूज आली, तर तो बुडबुडा नव्हे. गुडघ्यात हाडं बांधून ठेवणारे दोर असतात, ते तुटतात. नाहीतर मधली गादी फाटते. मग गुडघा कधी वाकलेलाच अडकतो, कधी चालता चालता एकदम दुमडतो. दुखणं कमी होतं, आणि माणसाला वाटतं, झालं बरं."

तेव्हा आता फोड हे पाकीट आणि सांग. आवाज आला तेव्हा दुखलं का? संध्याकाळपर्यंत सुजला का? वळताना आतून हाड सरकल्यासारखं होतं का? उत्तर मला द्यायचं नसेल तर विदूषकाला दे. एका शब्दात दे. 'नाही' म्हणालीस तर मी परत लिहिणार नाही. तुझ्यासाठी एवढं आमिष पुरे व्हावं.

मला डॉक्टरने काठी दिलीय आणि खुर्चीत बसून पाय उचलायचा व्यायाम दिलाय. काठी मी दाराआड ठेवलीय. तिच्याकडे बघून मला ती म्हातारी वाटते.

आजी


१९ नोव्हेंबर

थोरले,

तू उत्तर दिलं नाहीस. विदूषकाने दिलं, तेही मी त्याचा कान पिळला तेव्हा. फोनवरून कान कसा पिळायचा ते तुला माहीत नाही, मला येतं.

त्याला विचारलं, "सुजला होता का?"

म्हणाला, "थोडासा."

"थोडासा म्हणजे लिंबाएवढा की भोपळ्याएवढा?"

"आजी, तुम्ही काय बाजाराला निघालात का?"

"भोपळा ना?"

मग एकेक सांगायला लागला. रात्रीपर्यंत तुझ्या विजारीत पाय जाईना. तू बर्फ लावलास, फडकं आवळून बांधलंस, धाकटीला सांगितलंस की मच्छर चावला. आठवडाभर लंगडत होतीस, मग सूज उतरली. आता सरळ चालतेस. पण ट्रकवरून उतरताना कठडा धरतेस. आणि परवा सपाट रिंगणात मधेच खाली बसलीस, आणि हसून म्हणालीस, घसरले.

रिंगणातल्या भुशावर कोण घसरतं, थोरले? भुसा त्यासाठीच टाकतात.

मी मास्तरणीला पुन्हा डॉक्टरकडे पिटाळलं. निरोप आला, प्रत्यक्ष बघितल्याशिवाय काय तुटलंय ते सांगता येणार नाही. पण हे सगळं दोर तुटल्याचं लक्षण वाटतं. सरळ उभी राहील तेव्हा पाय ठीक वाटेल, वळेल तेव्हा दगा देईल. लवकरात लवकर दाखवा. आणि तोपर्यंत तिच्यावर कुणाला चढवू नका.

आता तू मला सांग, बांबूच्या खेळात खालची किती वळते? प्रेक्षकांना वाटतं खालची खांबासारखी उभी असते. तुला मला माहीत आहे. वर झोक गेला की खाली पाऊल सारायचं. वरची डावीकडे कलली, तू डावीकडे. ती फिरली, तू फिरलीस. एका खेळात जितक्यांदा तू पाय वळवतेस तितक्यांदा धाकटी तुझ्या त्या गुडघ्यावर जुगार खेळते आणि तिला ते कळतही नाही. ती वर चढताना ऐकते काय? कट्! हा आवाज आता रोज येतो ना? विदूषक म्हणाला, येतो. त्याला म्हटलं, तो येताना तिचा चेहरा बघितलास? म्हणाला, ती तर हसत असते. अरे, हसायचाच पगार आहे तिला!

नियम माझ्या गुडघ्याचा होता. तुझ्या गुडघ्याला कुणी विचारलं नव्हतं.

मालकालाही मी फोन केला. पूर्वी माझा फोन म्हणजे उभा राहून घ्यायचा. काल घास चावत बोलत होता. "आजी, आराम करा. मोठ्या शहरात पहिला खेळ शनिवारी आहे. लांब बांबूचं चित्र फलकांवर रंगवून झालंय. पोरगी नाही म्हणत नाही, तुम्ही का म्हणता?"

ती नाही म्हणणार नाही हेच तर. तुला वाटतं, नाही म्हणालीस तर तुझीही पेटी कुठल्यातरी जिन्यावर चढवतील. वाटणारच. माझी तू स्वतः चढवलीस, तुला ओझं माहीत आहे.

फोन उचल.

आजी


२१ नोव्हेंबर

धाकटे,

हे पत्र तुझं आहे, बहिणीचं नाही. विदूषक तुला ते एकटी गाठून देईल. तोंडानेच सांग म्हटलं असतं त्याला, पण त्याचं कोण खरं मानणार? लोकांनी आपलं खरं मानू नये याचेच त्याला पैसे मिळतात. माझी अक्षरं तू ओळखतेस. मी चार ओळी लिहायला सकाळ घालवते हे तुला माहीत आहे, म्हणजे मी उगाच लिहीत नाही हेही कळेल.

तुझ्या बहिणीचा गुडघा मोडलाय. बाहेरून दिसत नाही. आतला दोर तुटलाय असं डॉक्टरीणबाईला वाटतं. तो आवाज तू ऐकतेस आणि चढतेस, तो शाबूत गुडघ्याचा नाही. मच्छर चावला म्हणाली ना तुला? मच्छराने सुजलेला गुडघा बघितलास कधी?

शनिवारी तू चढू नकोस.

आता तू म्हणशील, आजी, वरचीने खालचीला कधी विचारायचं नाही, हे तूच आईला शिकवलंस, आईने आम्हाला. खरं आहे. वर चढताना शंका आली तर हात थरथरतो आणि दोघी मरतात. म्हणून शंका घ्यायची नाही. मी तुला शंका घ्यायला सांगतच नाहीये. मी तुला नक्की सांगतेय. चढू नकोस.

बहिणीशी आधी बोलून बघू असं मनात आणू नकोस. ती तुला जवळ घेईल, केसांतून हात फिरवील, आणि म्हणेल, म्हातारीचं डोकं फिरलंय, एकटी बसून बसून असं होतं. तू मानशील. मीही मानलं असतं, ती बोलतेच तशी. मालकाशीही बोलू नकोस. तुझ्याजागी तो झुल्यावरची एखादी हौशी पोरगी चढवील, सरावाला दोन दिवस मिळाले तर. त्याला दोन दिवस द्यायचे नाहीत.

रिंगणात जा. सगळ्यांसारखी हात वर करून फिर. बांबू उभा राहू दे. बहिणीच्या मांडीवर पाय ठेव, बांबूला हात लाव. आणि पाय खाली घे. लोकांना वाकून नमस्कार कर आणि पडद्याआड चालत जा. पळू नकोस. पळालीस तर लोकांना वाटेल घाबरली. चाललीस तर वाटेल खेळ एवढाच होता.

बहीण तुझ्याशी बोलायची थांबेल. त्याला काही औषध नाही. मी ते भोगतेय, जगता येतं.

हे पत्र फाडून टाक. भुशात टाकू नकोस, घोडे खातात.

आजी


२५ नोव्हेंबर

थोरले,

अखेर तू फोन केलास. मास्तरीण खालून वर आली, काय झालं बघायला. तुझा आवाज दुसऱ्या मजल्यापर्यंत गेला होता. म्हणाली, "आजी, कुणी भांडतंय का तुमच्याशी?" मी म्हटलं, "हो. नात आहे." तिला माझ्या तोंडाकडे बघून काहीतरी विचारायचं होतं, विचारलं नाही. शहाणी बाई आहे.

तू बोललीस त्यातलं मी सगळं ऐकलं. मी सापीण आहे. तंबू सोडला तरी माझं शेपूट तंबूतच आहे. स्वतःला कुणी विचारत नाही म्हणून मी दोघी बहिणींत काडी टाकली. गच्च भरलेल्या तंबूसमोर तू खांद्यावर बांबू घेऊन एकटी उभी राहिलीस, आणि धाकटी नमस्कार करून चालती झाली, आणि लोक आधी हसले, मग शिट्ट्या मारायला लागले. तुझा एवढा अपमान जन्मात कुणी केला नव्हता. बरोबर? काही सुटलं असेल तर कळव.

पण रागाच्या भरात तू पुढचंही सांगून गेलीस. सांगायचं नव्हतं, मला कळलं ते, कारण मधेच तुझा आवाज पडला. तू तिला हाक मारायला म्हणून मागे वळलीस. नुसती वळलीस. अंगावर कुणी नव्हतं. आणि गुडघा दुमडला. तू खाली, बांबू वाद्यवाल्यांत. ढोल फाटला, ढोलवाला वाचला.

त्यावर मला बोलण्यासारखं पुष्कळ होतं, तुला माहीत आहे, माझ्याकडे कधी कमी पडत नाही. पण फोनात तुझा श्वास ऐकू येत होता, आणि बांबूच्या वरच्या टोकाचा विचार तू करते आहेस हे मला इथं बसून दिसत होतं. त्यात मी कशाला भर घालू?

मग तू म्हणालीस, "ती आज माझ्याशेजारी झोपलीय." आणि फोन ठेवलास.

डॉक्टरला दाखव. आजच. गुडघा वाकलेला अडकला, पाय टेकवेनासा झाला तर ओढूनताणून सरळ करू देऊ नकोस कुणाला. ढोलवाल्याला तर मुळीच नाही, त्याला वाटतं तो हाडं बसवतो.

आजी


१८ डिसेंबर

थोरले,

तुझं पत्र आलं. इथं आलेलं पहिलंच. पोस्टमन जिना चढून वर आला, त्यालाच नवल वाटलं. म्हणाला, "आजीबाई, इथं तुम्ही राहता होय? मला वाटलं वरची खोली रिकामीच आहे."

दोर तुटलाय, गादीही थोडी फाटलीय, ऑपरेशन करावं लागेल, मग कितीतरी महिने व्यायाम. वाचलं. वर्षभर उडी नाही. नंतर खालची म्हणून उभी राहता येईल की नाही ते डॉक्टर आत्ता सांगत नाहीत. वाचलं. मी त्यावर काही लिहीत नाही. 'सगळं ठीक होईल' असं कुणी म्हणत असेल तर त्याला विचार, तुला कसं ठाऊक. पण व्यायाम मन लावून कर. माझी मांडी थोडी भरलीय खुर्चीतल्या त्या पायउचलीने. काल काठी घेऊन मास्तरणीच्या दारापर्यंत उतरले. चढायला वेळ लागला, पण आले.

तंबू पुढच्या गावाला गेला हेही वाचलं. धाकटीला तंबूबरोबर पाठवलंस ते बरं केलंस. रडत होती, तू ढकललीस म्हणून गेली, असं विदूषक म्हणाला. मालकाने तुला दवाखान्याजवळ खोली घेऊन दिली, ऑपरेशनचं बघतो म्हणाला, आणि ट्रक सुटताना तुझ्याकडे बघितलं नाही. माझ्याकडेही बघितलं नव्हतं. तेव्हा तू बघितलं होतंस. ट्रकच्या खिडकीतून मान काढून वळणापर्यंत बघत होतीस. मला दिसत होतं, मी मुद्दाम पेटीचं कुलूप बघत बसले.

आता तू पत्राच्या शेवटी जे विचारलंस ते. 'आजी, तिकडे तू दिवसभर काय करतेस?'

लोक हा प्रश्न बोलायला काही नसलं की विचारतात. तुला खरंच माहिती हवी आहे, म्हणून खरं सांगते.

पहिले काही दिवस तू लवकर उठशील. घोड्यांना पाणी कोण घालतंय असं वाटून उठशील. उठू नकोस, पडून राहा, कारण एकदा उठलीस की दिवस सुरू होतो आणि तो फार लांब असतो. चहा एकाच वेळी करून ठेवू नकोस. दोनदा कर. दुसऱ्यांदा पातेलं घासावं लागतं, तेवढाच वेळ जातो. एकटीचा स्वयंपाक करताना हात बारा जणांचं टाकतो. टाकू दे, दोन दिवस खा. मोठ्याने बोलायला लाज वाटेल. मला वाटायची. आता मी स्टोव्हला शिव्या देते, त्याला त्या लागतात असं मला वाटतं. आरशात बघायचं टाळू नकोस. रंग न लावलेलं तोंड आधी ओळखीचं वाटत नाही, मग वाटायला लागतं. माझं तसं काही वाईट नाही असं मला या वयात कळलं.

खोलीत शांतता असते म्हणतात, ते खोटं. खोलीत सगळ्या दुसऱ्यांच्या घरांचे आवाज असतात. कोण भांडतंय, कोण दार लावतंय, कोणाचं पोर अभ्यासाला बसत नाही. पहिल्यांदा त्यांचा राग येईल. मग एखाद्या दिवशी ते पोर रडलं नाही तर तू उठून दाराशी जाशील, ठीक आहे ना बघायला. दार ठोठावायचं की नाही हे मला अजून ठरवता आलेलं नाही. तू ठोठाव. तू अजून तरणी आहेस, लोक तुला आत घेतील.

बाकी दिवस निघतो. दुपारचे चार तेवढे कठीण. तोंडं रंगवायची वेळ. तंबूत त्या वेळी कुणी कुणाशी नीट बोलत नाही, सगळे आरशापुढे, पावडर उडते, कुणाचा तरी पट्टा हरवलेला असतो. इथं चारला काहीच नसतं. पण हाताला ते माहीत नसतं. मी बसलेली असते, आणि हात आपोआप केस मागे घ्यायला लागतात, घट्ट, अंबाडा बांधायला. मग बांधलेला अंबाडा घेऊन कुठे जायचं ते कळत नाही.

तेव्हा चारला फोन करत जा. बोलायला काही नसलं तरी कर, शिव्या दे, काहीही. तुझ्यासाठी म्हणतेय. माझं काय, मला सवय आहे.

आजी